अंगठ्यांचा पंधरवडा

अन्याय झाला तो वाधूमल मास्तरांवर. अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. पिंपरी स्टेशनाच्या पलीकडे उभा राहत असलेला एक नवा कारखाना, त्याचं फाटक, फाटकाबाहेरची चिंच आणि चिंचेखालचं भरतीचं टेबल. सिंधमधल्या शिकारपूरच्या शाळेत तीस वर्षं ज्यांनी मुलांच्या हातात लेखणी दिली त्या माणसाचा डावा अंगठा तिथे शाईच्या गादीवर दाबला गेला, अर्जावर उमटवला गेला, आणि शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं गेलं : निरक्षर.

दाबला गेला, लिहिलं गेलं. हे असं लिहिलेलं मास्तरांनी पाहिलं तर ते लाल पेन्सिल घेतील. कोणी दाबला? भरती कारकून दामूअण्णांनी. कोणी लिहिलं? त्यांनीच. आणि त्या ओल्या शब्दावर टीपकागद कोणी धरला? मी.

कारखान्याचं नाव इथे देत नाही. संपादकांना उगाच कोर्टकचेरी नको, आणि ज्यांना ते ठाऊक असायला हवं त्यांना ते ठाऊक आहे.

यंदाचा पितृपंधरवडा परवा सुरू झाला. भाद्रपदाच्या या वद्य पक्षाला कोणी ऋतू म्हणत नाही. पावसाळा असतो, मग हिवाळा असतो, मधल्या या दिवसांना कोणी वालीच नाही. पण माझ्यापुरता हा एक पुरता ऋतू आहे. ऊन एकाएकी पांढरं होतं. मुंबई रस्त्याच्या कडेचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघतात, आणि गाडी गेली की गवतातनं एक आंबूस वाफ येते. बाजरीची कणसं भरून जड झालेली असतात, माळ्यांवरून गोफणीचे आवाज येतात, आणि कौलाकौलांवर कावळे असे बसलेले असतात, जसे काही सरकारी पाहुणे. घराघरातून खिरीचा वास येतो. हा वास आला की माझ्या उजव्या हाताच्या पंजाला अजून तो टीपकागद जाणवतो. खरबरीत, गुलाबी, एका कोपऱ्याला फाटलेला.

मी पिंपरीला आलो तो त्या भरतीच्या वर्षीच्या चैत्रात. त्याआधीची माझी सगळी कमाई म्हणजे एक भाषा. आमचं गाव राजापूरकडचं, पण वडील इराणात, आबादानच्या तेलाच्या कारखान्यात फिटर होते, आणि आई गेल्यावर तेराव्या वर्षी मला त्यांनी तिकडे नेलं. खाडीचं गढूळ पाणी, खजुरीची झाडं, आणि असा उन्हाळा की दुपारी लोखंडाच्या कडीला हात लावायची सोय नाही. तिथे फारसी मी शाळेत शिकलो नाही. वडिलांच्या टोळीत करीम नावाचा एक नळजोडारी होता. मशहदची यात्रा केलेला, म्हणून सगळे त्याला मश् करीम म्हणत. तो मला संपाची पत्रकं वाचायला द्यायचा. उजवीकडून डावीकडे, अक्षरावर बोट ठेवून. माझा पहिला धडा 'कमळ बघ'च्या चालीचा नव्हता, 'आमचं पाणी कुठे आहे?' असा होता. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत बर्फ जायचा आणि आमच्या लाइनीतल्या नळाला दुपारी वाफ यायची. धडा समजायला अडचण पडली नाही.

त्या भाषेत काम करणाऱ्या माणसाजवळून मुकाट्याने जाताच येत नाही. कोणी खणत असो, भाकरी भाजत असो, नुसता ओझं टेकवून उभा असो, जाणारा म्हणतो, 'खस्ते नबाशी.' थकवा तुला न लागो. आणि चार दिवस आजारी पडून परत आलात की म्हणतात, 'जायत खाली.' तुझी जागा रिकामी होती. कोणी भरली नाही, असंही त्यात येतं. मग तेल त्या देशाने आपल्या ताब्यात घेतलं, साहेबलोक बोटीत बसले, आणि त्यांच्यामागून आम्हीही. साहेबांचं जाणं मला योग्यच वाटलं. आमचंही जाणं त्याच हिशेबात बसवलं गेलं, त्याबद्दल मात्र मश् करीमशी माझं अजून भांडण व्हायचं आहे.

गावी दोन वर्षं बेकारीत काढली. मग दामूअण्णांनी बोलावलं. ते वडिलांचे मावसभाऊ. आयुष्य पुण्यात कारकुनीत गेलेलं, आता नव्या कारखान्यात भरतीच्या कामावर. नावं पुकारायला, कागद लावायला त्यांना हाताखाली माणूस हवा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टेशनाबाहेर चहा पाजला आणि समज दिली.

"हे बघ सदा, तू मुंबईला होतास. आबादान-बिबादान काही नाही. तिकडनं आलेल्या माणसाच्या तोंडाला संपाचा वास येतो असं साहेब म्हणतात. तू तोंड उघडू नकोस, म्हणजे वास यायचा प्रश्नच नाही."

मी मान हलवली. इथे थांबून सांगतो, की ती मान मी हलवली होती, कोणी धरून हलवली नव्हती.

मग दर रविवारी मी शहर बघायला निघायचो. शहर कुठे होतं? चिंचवडला देऊळ होतं, पवनेचा घाट होता, दोन्ही स्टेशनांशी चार दुकानं होती, आणि बाकी सगळी शेतं. पण त्या शेतांतून चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. पांढऱ्या, सरळ, ज्वारीच्या धसकटांवरून गेलेल्या. इथे रस्ता होणार, इथे शाळा, इथे कामगारांच्या चाळी. मी त्या रेघांवरून चालायचो. मैल-मैल चालायचो. चौक लागला की थांबायचो, उजवीकडे वळायचो, जसं काही तिथे दुकानाची पाटी दिसणार आहे. एकदा मापाची साखळी धरून बसलेल्या माणसाला विचारलं, बाजार कुठे आहे. तो म्हणाला, तुम्ही त्याच्यातच उभे आहात, राव, फक्त लवकर आलात.

आबादानमध्ये शहर होतं आणि मला भाषा नव्हती. ती मी रोट्यांच्या रांगेत उभा राहून मिळवली. इथे माझी जन्मभाषा चहूकडे, आणि शहराचा पत्ता नाही. त्यात ती दुसरी भाषा तोंडात वळवळायची. कुलूप लावलेल्या माणसासारखा मी फिरायचो. पवनेच्या घाटावर बैल धुणारे निघून गेले की मी मोठ्याने फारसी बोलायचो, पाण्याशी. एकदा धुणं धुणाऱ्या एका म्हातारीने हात थांबवून विचारलं, "मंतर म्हनतुयास व्हय रं? कुनाचं उतरायचं हाय?" मी म्हटलं, माझंच.

पिंपरीच्या कॅम्पात सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या बराकी. तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर मला ती अक्षरं सापडली. तीच वळणं, तेच नुक्ते, फक्त जरा जास्त. मी पाटी वाचायचो, उच्चार व्हायचा, अर्थ लागायचा नाही. भाषा सिंधी. मित्राचा सदरा दुसऱ्याच माणसाच्या अंगात बघावा तसं व्हायचं. पापड वाळत घातलेल्या खाटांमधून, बांगड्यांच्या पेट्या घासत बसलेल्या बायकांसमोरून मी जायचो यायचो, आणि वाटायचं, यांच्यात कोणीतरी असेल. जुन्या शाळेत फारसी शिकलेला एखादा तरी. विचारायची छाती झाली नाही. मी मुंबईला होतो ना.

असा उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती गेले. साहेबाने भरतीची तारीख ठरवली ती थेट पितृपंधरवड्यात. साहेब परदेशी, त्याला पितर काय ठाऊक. पण आजूबाजूच्या गावांत चलबिचल झाली. नोकरी तर हवी, आणि या पंधरा दिवसांत नव्या कामाला हात घालायचा नाही, नव्या वहीत नाव लिहायचं नाही. मग कुणीतरी तोड काढली. नाव लिहायचं नाही, अंगठा द्यायचा. अंगठा म्हणजे काही नाव नव्हे. पितरांना त्याचं काय. ही तोड भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत एका दिवसात पोचली. सोमवारी चिंचेखाली रांग लागली, आणि अंगठ्यामागून अंगठा. शाई पुसायला लोक अंगठा चिंचेच्या खोडावर घासायचे. दुपारपर्यंत खोड हात पोचेल तिथपर्यंत काळं झालं.

त्या रांगेत मास्तर होते. कोटाचं वरचं बटण लावलेलं, डोक्यावर काळी टोपी, हातात टाक नव्हता तर स्वतःचं फाउंटन पेन. त्यांनी अर्ज नीट वाचल्यासारखा पाहिला, पेनाची निब नखावर टेकवून बघितली, आणि सही केली. उजवीकडून डावीकडे. सावकाश. नावाखाली आणखी एक शब्द लिहिला. मी उलट्या बाजूने, टेबलाच्या आतून, तो वाचला. मुदर्रिस. शिक्षक.

सहा महिने ज्या भाषेसाठी मी गाव पालथं घातलं होतं, ती माझ्यासमोर एका वितीवर ओली होती.

"हे काय?" दामूअण्णा म्हणाले.

"सही."

"ही? मराठीत करा. नाहीतर इंग्रजीत."

"वो नहीं आता, साहेब. ये आता है."

"मग येत नाही असंच म्हणा ना."

मास्तरांच्या मागे कुरुळीचा बबन उभा होता. तिशीचा, उंच, सायकलची क्लिप अजून पायजम्याला. तो पुढे वाकून म्हणाला, "द्या की मास्तर अंगठा. आमी बी देतोय. अंगठा काय झिजतो व्हय?" रांग हसली. वाईट हेतूने हसली नाही, ऊन फार होतं म्हणून हसली.

दामूअण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला फारसी वाचता येते हे त्या फाटकावर एकट्या त्यांना ठाऊक होतं. टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या पायावर येऊन टेकला. दाबला नाही, नुसता टेकला. मी कागद पुढे ओढला आणि टीपकागद धरला.

मास्तरांनी अंगठा खोडावर घासला नाही. खिशातून रुमाल काढला, त्याच्या आतल्या घडीला पुसला, आणि घडी पुन्हा घातली.

त्यांना काम मिळालं रिकाम्या बाटल्यांच्या पेट्या उचलायचं. निरक्षर माणसाला दुसरं काय देणार?

तीन दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही, कारण मला काही त्रास झाला असेल तर तो इथे मोजायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी कॅम्पात गेलो. विचारत विचारत बराक सापडली. बाहेर खाटेवर मास्तर बसले होते, मांडीवर पाटी, पाटीवर पोस्टकार्ड, आणि समोर आठ-दहा बाया रांग धरून. अजमेरला भाऊ, उल्हासनगरला नणंद, कुठे बडोद्याला दीर. फाळणीने विखुरलेल्या एका एका कुटुंबाला हा निरक्षर माणूस दिवसभर पेट्या उचलून आल्यावर पत्रं लिहून देत होता. मी रांगेत उभा राहिलो. बाया माझ्याकडे बघून एकमेकींत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. बहुधा, याची बायको कुठे पळाली, असं असावं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "खस्ते नबाशी."

मास्तरांनी मान वर केली. चष्मा काढला, पुसला, परत लावला, जसं काही ते ऐकायला चष्मा लागतो. मग त्यांनी फारसीत विचारलं, की हे तू कुठून चोरलंस.

पुढचा अर्धा तास मला सांगता येणार नाही. पाणी बंद केलेल्या नळाला अचानक पाणी यावं, आणि आधी नुसतीच हवा, मग गंज, मग गढूळ, आणि मग स्वच्छ, तसं मी बोललो. मास्तरांची फारसी पुस्तकी, अंगरखा घातलेली, एकेक शब्द पाऊल पुसून आत येणारा. माझी तेलाच्या हौदावरची, निम्म्या शिव्या. भाकरीला मी 'नान'ऐवजी तिकडच्यासारखं 'नून' म्हटलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, तुला भाषा उंटवाल्याने शिकवली का? मी म्हटलं, नळजोडाऱ्याने. ते इतके हसले की बायांची रांग विस्कटली. म्हणाले, शिकारपूर सोडल्यापासून त्यांच्याशी कोणी ही भाषा बोललं नव्हतं. मग हसता हसता ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. फारसी सोडली आणि साध्या हिंदीत विचारलं,

"तू टेबल पे था."

"हो."

"मेरा लिखा पढ़ सकता था?"

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागाने लावलं असतं तर बरं होतं. "जा पुट," ते म्हणाले. पुट म्हणजे मुला. "औरतें खड़ी हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दामूअण्णांसमोर उभा राहिलो. म्हटलं, एक शब्द बदलायचा आहे. त्यांनी मला दाराआड नेलं. हळू आवाजात सांगितलं, की एक खोडलं तर उद्या साऱ्या बराकी येतील. वहीत खाडाखोड दिसली तर साहेब आधी त्यांना विचारणार. आणि तो काय लिहितो ते खरं की खोटं, हे कोण सांगणार? मी सांगणार, मी म्हटलं. मला वाचता येतं. कुठे शिकलास, असं विचारतील तर? आबादानला. हे शेवटचं मी दाराआड म्हटलं नाही. फाटकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. साहेबाचा दुभाषाही तिथेच होता.

शनिवारपासून येऊ नकोस, असं दामूअण्णांनीच सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरले होते. "तुझ्या बापाला मी काय कळवू?" ते म्हणाले. दामूअण्णा वाईट माणूस नाही. मी हे मुद्दाम लिहितो. वाईट माणसांशी लढणं सोपं आहे, त्यांचा पाय तुमच्या पायावर येऊन टेकत नाही.

मग मी जे शिकलो होतो ते केलं. पत्रक लिहिलं. दोन पानं, एकेक शब्द तापलेला. जुलमी, मदांध, रक्तपिपासू. ते घेऊन कॅम्पात गेलो. मास्तर मला बस म्हणाले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. त्यांना देवनागरी येत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवलं आणि फारसीत समजावलं. त्यांनी ऐकलं आणि हात पुढे केला, पेन्सिलीसाठी. कुठला शब्द कुठे आहे ते विचारत विचारत त्यांनी माझी सगळी विशेषणं खोडली. रक्तपिपासू खोडताना म्हणाले, तो दामूअण्णा? तो तर चहातही साखर घालत नाही. वार लिही, वेळ लिही, जागा लिही. कोणी केलं ते लिही, आणि त्यात तू असलास तर तुझं नाव आधी. ते शेवटचं त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने माझ्या छातीवर टेकवून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला माफ केलं का? मी विचारलं नाही. पण शाळेत घेतलं.

ते पत्रक मी फाटकाबाहेर पहिल्यांदा बबनला वाचून दाखवायला गेलो, तर त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच वाचलं. घडाघडा. मी बघत राहिलो.

"काय बघतोस, राव? फायनल पास हाय मी. सातवी."

"मग अंगठा का दिलास?"

"पंधरवडा व्हता की. पितर बसल्यात घरात, नाव कसं लिवू?" मग पत्रकातला 'निरक्षर' शब्द त्याला लागला. तो थांबला. "म्हंजी आमाला बी ह्येच लिवलंय?"

त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. होय, हेच लिहिलं होतं. त्याने सांगितलं, मी फायनल पास आहे, तर उत्तर मिळालं की फायनल पास माणूस अंगठा कसा देईल? बबन तीन दिवस हे वाक्य येईल त्याला ऐकवत होता. आधी हसत, मग नुसताच.

आणि मग आम्ही निघालो. नवरात्र बसलेलं, पंधरवडा संपलेला, नावं लिहायला मोकळीक. बबनची सायकल, मागे मी, माझ्या मांडीवर कोऱ्या तावांची गुंडाळी. मोशीला इंद्रायणी उतरून कुरुळी, कुरुळीहून चाकणच्या बाजाराला, तिथून महाळुंगे. बाजरीची कापणी चाललेली. खळ्यांवर कणसं पसरलेली, त्यांची कूस हवेत उडायची आणि मानेवर खाजायची. चुन्याच्या रेघांवरून जे शहर मला सापडलं नव्हतं ते मी त्या आठ दिवसांत पाहिलं. ते अजून बांधलं नव्हतं, पण त्यात राहणारी माणसं इथे खळ्यांवर उभी होती, पायाला भुसा लागलेली. ज्यांनी अंगठे दिले होते ते हात झटकून ताव घ्यायचे आणि नाव लिहायचे. कोणी बाळबोध, वळणदार. कोणी नुसती अक्षरं ओळीत उभी केलेली, शेरडं बांधल्यासारखी. महाळुंग्याच्या एका काकांनी मोडीत सही केली आणि म्हणाले, "ही वाचील का तुजा कारकून? न्हाई वाचली तर मंग अडानी कोन, त्यो का मी?" ज्यांना खरंच लिहिता येत नव्हतं त्यांनी तसं सांगितलं. एकाही माणसाने खोटं सांगितलं नाही. फाटकावर सत्याची चौकशी करायला बसलेल्यांपेक्षा ही खळी जास्त सरळ होती.

ते ताव आम्ही कारखान्यात दिले. बरेच महिने गेले. मग एकेक करून नोंदी दुरुस्त झाल्या. बबनची झाली, तो आता कोठारात आहे, बाटल्यांची आवक-जावक लिहितो. काकांच्या मोडी सहीची झाली, कारण दामूअण्णांना मोडी येते आणि त्यांनी ती स्वतः वाचून लावली. हे त्यांच्या नावावर जमा.

मास्तरांची झाली नाही. जे कचेरीत कोणाला वाचता येत नाही ते ग्राह्य धरता येत नाही, असा लेखी जबाब आहे माझ्याकडे.

लोक म्हणतात, मग मास्तरांनी मराठीत सही शिकावी, चार दिवसांचं काम आहे. ज्यांना हा शहाणपणा सुचतो त्यांच्यासाठी सांगतो, मास्तर शिकले. त्याच हिवाळ्यात शिकले. आज ते देवनागरी वाचतात, माझ्यापेक्षा त्यांचं अक्षर चांगलं आहे, आणि हा लेखही छापण्याआधी त्यांनी वाचला आहे. मी त्यांना म्हटलं होतं, चला, उद्या जाऊन मराठीत सही करू, संपवू. त्यांनी बाटलीच्या काचेने कापलेलं बोट चोखलं आणि म्हणाले,

"फिर वो क्या लिखेगा? अमुक सालापासून साक्षर. और मेरे वो तीस साल?"

 

नोकरी गेल्यापासून मी चिंचवडला एका छापखान्यात खिळे जुळवतो. रविवारी कॅम्पात जातो. मास्तर आणि मी तास-दोन तास बोलतो. माझी फारसी त्यांनी इतकी दुरुस्त केली आहे की मश् करीमने ऐकली तर तो मला साहेब म्हणेल. तरी ती झिजते आहे. परवा 'घागर'च्या फारसी शब्दासाठी मी अर्धा मैल चाललो आणि तो आला नाही. ज्या गावात ती शिकलो तिथे मी आता जाणार नाही, ज्या गावात राहतो तिथे ती दोघांनाच येते, आणि त्या दोघांतला एक पाठीला पट्टा बांधून पेट्या उचलतो. पण आता मी ती घाटावर लपून बोलत नाही. फाटकासमोर, पाळी सुटताना, मास्तर बाहेर आले की मी रस्त्याच्या या बाजूने मोठ्याने म्हणतो, थकवा तुम्हाला न लागो. सुरुवातीला लोक वळून बघायचे. हल्ली बबनची पाळी सुटली की तोही म्हणतो, त्याच्या कुरुळीच्या उच्चारात. मास्तर त्याचे उच्चार दुरुस्त करत नाहीत.

लागतो थकवा. लागलाय. म्हातारा माणूस आहे.

आता कामाचं सांगतो. दसऱ्यानंतर कारखाना कायम कामगारांची वही करतो आहे. कच्च्या वहीतला प्रत्येक शब्द पक्क्या वहीत उतरणार, आणि मग तो माणूस निवृत्त होईपर्यंत हलणार नाही. कारखान्याच्या संध्याकाळच्या वर्गावर शिक्षक नेमायचे आहेत; निरक्षराचा अर्जसुद्धा घेत नाहीत. आमच्या हातात हा पंधरवडा आहे आणि वर नवरात्राचे नऊ दिवस.

तुम्ही हा लेख इथपर्यंत वाचलात, म्हणजे तुम्हाला अक्षर येतं, आणि ते कोणीतरी तुम्हाला शिकवलं आहे. हळहळू नका, हळहळीचा गठ्ठा बांधता येत नाही. एक पोस्टकार्ड घ्या. त्यावर लिहा : 'वाधूमल मास्तर साक्षर आहेत. नोंद दुरुस्त करा.' मराठी येत असेल तर मराठीत, मोडी येत असेल तर मोडीत, कानडी, गुजराती, उर्दू, जी लिपी तुमच्या हाताला येते तीत. तर्जुमा जोडू नका. खाली सही करा, आणि सहीखाली तुम्हाला लिहायला शिकवलं त्याचं नाव घाला. ते या मासिकाच्या पत्त्यावर टाका. गठ्ठा घेऊन फाटकावर मी जाणार आहे, आणि कोणतं कार्ड काय म्हणतं ते वाचायला कचेरीला माणसं शोधायला लावणार आहे. वाचणारे सापडतील तितके त्यांनी शोधावेत. पण कार्ड तुम्ही आज टाका, संध्याकाळचं टपाल निघायच्या आत.